टू-स्ट्रोक ओबीएममधला कार्बन : बंदीच्या काळात किती उघडायचं?

आचरा_खाडी
१५ एचपी, दोन सिलेंडर, एकच कार्बोरेटर, दोरी ओढून चालू होणारं पेट्रोलचं ओबीएम (होडीच्या मागे बसवायचं आउटबोर्ड इंजिन). ३१ जुलैपर्यंत मासेमारीची पावसाळी बंदी असल्याने होडी वर ओढलेली आहे, इंजिन उतरवून लाकडी स्टँडवर लावलंय. लक्षणं अशी :

– गार असताना दोरी पूर्वीपेक्षा जास्त वेळा ओढावी लागते, आणि खालच्या सिलेंडरचा दाब हाताला कमी लागतो.
– फुल थ्रॉटलला रिकामी होडी असतानाही आवाज जड, वेग कमी.
– दोन्ही प्लग काळे. खालचा ओला, त्याच्या टोकावर कडक काळी खपली.
– कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, वरच्याला ११२ पीएसआय, खालच्याला ८४.

वापर बहुतेक संथ गतीचा. जाळी सोडताना आणि ओढताना इंजिन बराच वेळ आयडलवरच असतं. ऑइल पन्नासाला एक, पण मोटरसायकलचं टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल). थेट हेड (सिलेंडरचं झाकण) उघडू, की आधी कार्बन सोडवणारं औषध देऊन बघू?

दर्या_फिटर
आधी ८४ हा आकडा खरा आहे का ते पक्कं करा. कॉम्प्रेशन घेताना चार गोष्टी पाळल्या नाहीत तर गेज काहीही सांगतं. इंजिन कोमट हवं. दोन्ही प्लग काढलेले हवेत. थ्रॉटल पूर्ण उघडा हवा, नाहीतर हवाच आत जात नाही. आणि प्लगच्या वायरी बॉडीला टेकवलेल्या हव्यात, नाहीतर मोकळ्या वायरीमुळे इग्निशन कॉइल जळू शकते. गेजचा काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी झपकन ओढा, साधारण चार-पाच वेळा. दोन्ही सिलेंडरला तितकेच झटके. एकेकट्या आकड्यापेक्षा दोघांतला फरक महत्त्वाचा. १० ते १५ टक्क्यांच्या आत असेल तर चालतं. तुमचा फरक २५ टक्के आहे, म्हणजे खालच्या सिलेंडरमध्ये काहीतरी नक्की आहे.

आता ते 'काहीतरी' रिंग (पिस्टनभोवतीचं कडं) आहे की गॅस्केट (हेडखालचं सील), हे हेड न उघडता कळतं. खालच्या सिलेंडरमध्ये प्लगच्या भोकातून ५ मिली टू-टी ऑइल सोडा, दोरी एक-दोनदा हळू फिरवा आणि परत कॉम्प्रेशन घ्या. आकडा एकदम वर गेला तर गळती रिंगांतून आहे, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजली. जागचा हलला नाही तर हेड गॅस्केट फुटलेलं असेल किंवा पिस्टनला भोक असेल. मग कार्बनच्या औषधावर पैसे घालवू नका.

मोबाइलला जोडायचा साडेपाच मिलीमीटर जाडीचा कॅमेरा मिळत असेल तर १४ मिमीच्या प्लगच्या भोकातून तो सहज आत जातो. पिस्टनचा माथा बघा. चांगल्या टू-स्ट्रोकमध्ये ज्या बाजूने ताजं मिश्रण आत येतं त्या कडेला चंद्रकोरीसारखा स्वच्छ, धुतलेला पट्टा दिसतो. बाकी माथा तपकिरी. माथ्यावर भेगाळलेली काळी साय असेल, तर मिश्रण जड (पेट्रोल जास्त) आहे किंवा इंजिन पुरेसं तापतच नाही.

वसई_मरीन
वरच्यात एक जोड. एक्झॉस्टचं कव्हर उघडायची तयारी असेल तर रिंग थेट बघता येते. फ्लायव्हील हाताने फिरवून रिंग एक्झॉस्ट पोर्टासमोर (धूर बाहेर जायच्या सिलेंडरच्या खिडकीसमोर) आणा आणि गोल टोकाच्या लाकडी काडीने हलकेच आत दाबा. मोकळी रिंग दबते आणि काडी सोडताच बाहेर उसळते. चिकटलेली रिंग दगडासारखी बसून राहते. दाबताना स्क्रूड्रायव्हर वापरू नका, पोर्टाच्या कडेला चरा पडला की तोच पुढे रिंग खातो.

पण या कव्हरचे बोल्ट खाऱ्या पाण्याने जाम झालेले असतात. जुन्या इंजिनात ते तुटण्याची शक्यता धरूनच हात घाला.

आचरा_खाडी
सांगितल्याप्रमाणे घेतलं. खाली ऑइल टाकून आकडा ८४ वरून ११९ झाला. वर फारसा फरक नाही. कॅमेऱ्यात खालच्या पिस्टनवर जाड थर, स्वच्छ पट्टा जवळपास नाहीच. बोअरमध्ये (सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर) उभे चरे दिसत नाहीत.

वसई_मरीन
चरे नाहीत ही सगळ्यात चांगली बातमी. रिंग खाचेत चिकटली आहे, बोअर शाबूत आहे. अशा वेळी आधी भिजवणं, मग औषध, आणि तेवढ्याने आकडा परत आला नाही तरच हेड.

भिजवताना एक गोष्ट बरेच जण विसरतात. ओबीएमचं सिलेंडर आडवं असतं. इंजिन उभं ठेवून प्लगच्या भोकातून औषध सोडलं तर ते बोअरच्या खालच्या बाजूला साचतं, रिंगेचा वरचा अर्धा भाग कोरडाच राहतो, आणि पोर्ट उघडा असेल तर तेही सायलेन्सरमध्ये वाहून जातं. म्हणून इंजिन पूर्ण टिल्ट करा. टिल्ट केल्यावर मागचं हेड वरच्या बाजूला येतं आणि सिलेंडर बऱ्यापैकी उभं राहतं.

मग असं करा :

१. दोन्ही प्लग काढा. ज्या सिलेंडरला भिजवायचंय त्याचा पिस्टन अगदी वर, म्हणजे टीडीसीला आणा. भोकातून पेन्सिल किंवा प्लास्टिकची नळी घालून अंदाज येतो. पिस्टन वर असला की एक्झॉस्ट पोर्ट त्याच्या स्कर्टने झाकलेला असतो.
२. ३० मिली डीकार्ब, म्हणजे कार्बन सोडवणारा, द्रव सोडा. तयार मिळत नसेल तर कार्बोरेटर क्लीनर आणि टीसी-डब्ल्यू३ (ओबीएमसाठीचं टू-स्ट्रोक) ऑइल समसमान. नुसता क्लीनर नको, तो बोअरवरची ऑइलची पापुद्री धुऊन टाकतो.
३. प्लग हाताने बसवा, रात्रभर ठेवा. मध्ये दोन-तीनदा फ्लायव्हील जेमतेम बोटभर मागेपुढे करा म्हणजे रिंगेपाशी द्रव शिरतो.
४. दोन सिलेंडरच्या इंजिनात एक पिस्टन वर असताना दुसरा खाली असतो. त्यामुळे दोन्ही एकदम भिजत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरं सिलेंडर.
५. इंजिन उभं करा, प्लग बाहेर ठेवूनच दोरी आठ-दहा वेळा ओढा, भोकांवर फडकं धरा. आत द्रव असताना प्लग लावून ओढलंत तर द्रव दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लगच्या वायरी इथेही बॉडीला टेकवा, कारण भोकातून बाहेर उडणारी वाफ पेट घेते.

वसई_मरीन
आता चालत्या इंजिनातलं औषध. यातलं मूळ तत्त्व धाग्यातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं : टू-स्ट्रोकमध्ये कार्बोरेटरमधून जे आत जातं ते आधी क्रँककेसमधून जातं. क्रँकचे आणि रॉडचे बेअरिंग त्याच वाटेने येणाऱ्या ऑइलवर जगतात. म्हणून डीकार्बच्या मिश्रणात ऑइल घालायलाच हवं, आणि नेहमीपेक्षा जास्तच.

वेगळा छोटा कॅन घ्या. दीड लिटर ताजं पेट्रोल, ४७३ मिलीचा सी फोमचा (कार्बन सोडवणारं तयार औषध) एक डबा, आणि ८० मिली टीसी-डब्ल्यू३. एकूण साधारण दोन लिटर झालं, म्हणजे पंचविसाला एक. मुख्य टाकीत हे ओतू नका, कारण तिथे प्रमाण पातळ होऊन उपयोग राहत नाही.

पंखा (प्रोपेलर) काढा. इंजिन पाण्याच्या पिंपात लावा, पाणी गिअरकेसच्या वरच्या सपाट पट्टीच्याही वर हवं. किंवा इनटेकला फ्लशिंगचे कप लावून गोडं पाणी चालू करा. पाण्याची पिचकारी बाहेर पडते आहे याची खात्री करूनच पुढे जा. नेहमीच्या इंधनावर दहा मिनिटं तापवा, मग कॅनवर घ्या. १५०० आरपीएमच्या आसपास ठेवा. लोड नसताना याच्यावर नेऊ नका, टू-स्ट्रोक मोकळं सुटलं तर सेकंदात भलत्या आरपीएमला जातं.

पाच-सात मिनिटांत दाट पांढरा धूर सुटेल. पंधरा मिनिटं चालवा, बंद करा, अर्धा तास थांबा. परत तसंच. शेवटच्या फेरीनंतर बंद करून रात्रभर राहू द्या. औषध गरम कार्बनमध्ये मुरतं ते इंजिन बंद असताना, म्हणून थांबण्याच्या वेळात काटकसर करू नका.

हे सगळं उघड्यावर. शेडमध्ये नाही, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. आणि खाडीत नाही. पिंपात काळं तेलकट पाणी उरतं, ते लाकडाच्या भुशात जिरवा, ओढ्यात ओतू नका.

मांडवी_४०
आमच्या ४० एचपीला ऑइलची वेगळी टाकी आहे, पंप आपोआप ऑइल सोडतो. मग कॅनमध्ये ऑइल घालायचं का?

वसई_मरीन
हो, घालायचं. डीकार्ब चालू असताना पंप जास्तीत जास्त आयडलच्या हिशेबाने थोडंसं ऑइल देतो, आणि औषध तेही पातळ करतं. काही वेळ धूर जास्त येईल, एवढंच. आणि तीन कार्बोरेटरचं इंजिन असेल आणि कॅनऐवजी कार्बोरेटरच्या तोंडात मारायचा डीकार्ब स्प्रे वापरत असाल तर तिन्ही घशांत सारखाच वेळ मारा, एकाच घशात मारलं तर एकच सिलेंडर साफ होतं.

रेवदंडा_जेटी
एवढा खर्च कशाला? फास्ट आयडलवर कार्बोरेटरच्या तोंडात पाण्याचा बारीक फवारा मारायचा. वाफेने कार्बन उडून जातो. जुन्या गाड्यांवर हे करतातच.

दर्या_फिटर
दादा, फोर-स्ट्रोक गाडीत पाणी थेट ज्वलनकक्षात जातं. तिथे ऑइल वेगळं, संपमध्ये असतं. म्हणून तिथे ते निभावतं. टू-स्ट्रोक ओबीएममध्ये तेच पाणी आधी क्रँककेसमध्ये जाणार, बेअरिंगवरचं ऑइल धुणार, आणि इंजिन बंद केल्यावर सुईसारख्या रोलरवर बसून राहणार. दोन आठवड्यांत त्यावर गंजाचे ठिपके येतात. कार्बन निघेलही, पण पुढच्या हंगामात रॉडचं बेअरिंग आवाज करायला लागेल. कृपया हे ओबीएमवर करू नका.

रेवदंडा_जेटी
बेअरिंगचा मुद्दा पटला. मग औषध दिल्यावर प्लगचं काय? तेच साफ करून लावायचे?

दर्या_फिटर
डीकार्ब करताना जुने प्लग ठेवा, त्यांचा बळी जाऊ द्या. सुटलेल्या कार्बनचा एखादा कण प्लगच्या फटीत अडकला की ठिणगी बंद. सगळं झाल्यावर नवे लावा. नंबर पुस्तकात दिलाय तोच. उदाहरणार्थ एनजीकेच्या बी७एचएस-१० मध्ये शेवटच्या दहाचा अर्थ फट १.० मिमी. आणि एनजीकेत आकडा वाढला की प्लग जास्त थंड होतो. प्लग वारंवार काळा होतो म्हणून कोणी ७ ऐवजी ५ लावतो. प्लग स्वच्छ राहतो खरा, पण फुल थ्रॉटलला तो इतका तापतो की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनचा माथा वितळतो.

बोअर_आणि_लेथ
औषधाचा भाग वर नीट आलाय. हेड उघडण्याचं मी लिहितो, कारण अर्धे हेड साफ करताना खराब होतात.

सुरुवात आदल्या दिवशी. हेडच्या सगळ्या बोल्टच्या मुळाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, संध्याकाळी परत. सकाळी बोल्टच्या डोक्यावर पितळी हातोडीने सरळ हलके ठोके द्या. मग पुस्तकात घट्ट करण्याचा जो क्रम आहे त्याच्या उलट क्रमाने, प्रत्येक बोल्ट पाव फेरा. एखादा स्प्रिंगसारखा लवचिक लागला, म्हणजे पाना फिरतोय पण डोकं सुटत नाही, तर थांबा. तो पिळवटतोय. हीट गनने भोवतालचं अॅल्युमिनियम तापवा, परत ऑइल, परत घट्ट-सैल असं थोडं थोडं. तापवण्याआधी पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर काढून लांब ठेवा. तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढायला जे लागतं त्यापेक्षा एक दिवस थांबणं स्वस्त.

हेड सुटलं नाही तर गॅस्केटच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालू नका. हेडला कडेला बाहेर आलेले कान असतात, तिथे लाकडी ठोकळा ठेवून ठोका. गॅस्केटच्या जागेवर पडलेला एक चरा पुढे पाण्याची वाट होतो.

साफसफाईच्या आधी पिस्टन वर आणा आणि पिस्टनच्या कडेभोवती बोटाने ग्रीसची गोल रेघ भरा. पडणारा कार्बन ग्रीसला चिकटतो, रिंगेपाशी उतरत नाही. खरवडायला कडक प्लास्टिकची पट्टी किंवा बांबूची तासलेली खपली. आधी क्लीनरमध्ये भिजवलेलं फडकं पंधरा मिनिटं माथ्यावर ठेवलं तर थर पापडासारखा सुटतो. झालं की पिस्टन किंचित खाली घ्या, कडेचं काळं ग्रीस पुसा, परत वर आणा, परत पुसा. स्वच्छ फडकं स्वच्छच निघेपर्यंत.

काय वापरू नये ते जास्त महत्त्वाचं :

कॉस्टिक सोडा. लोखंडी भागांवरचा कार्बन तो काढतो, पण अॅल्युमिनियमला खातो. पिस्टन आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे. बादलीत बुडवलेलं हेड फसफसायला लागतं तेव्हा कार्बन सुटत नसतो, धातू विरघळत असतो, आणि निघणारा वायू हायड्रोजन असतो.

ड्रिलला लावलेला स्टीलचा ब्रश. चकाचक दिसतं, पण त्याने पडलेल्या हजारो बारीक चऱ्यांत नवा कार्बन दुप्पट पटकन धरतो.

सँडपेपर, पिस्टन जागेवर असताना. त्याची खडी बोअरमध्ये गेली की उरलेलं काम ती करते.

माथा आरशासारखा व्हायला हवा असा हट्ट नको. सैल, जाड थर गेला, पातळ डाग राहिला, तर पुरे.

बोअर_आणि_लेथ
एक्झॉस्टचं कव्हर. इथे दोन गॅस्केट असतात, आतल्या प्लेटच्या दोन्ही बाजूंना, आणि त्यांच्यामधून थंड करणारं पाणी जातं. म्हणून दोन्ही नवी घ्या. आतली प्लेट खाऱ्या पाण्याने चाळणीसारखी झाली असेल तर तीही बदला. भोक पडलेल्या प्लेटमधून पाणी एक्झॉस्टमध्ये आणि तिथून इंजिन बंद असताना सिलेंडरमध्ये शिरतं.

पोर्ट साफ करताना त्या सिलेंडरचा पिस्टन वर ठेवा, म्हणजे स्कर्ट पोर्ट झाकतो आणि कचरा बोअरमध्ये पडत नाही. पोर्टाची कडा थोडी गोलसर केलेली असते, ती तशीच राहायला हवी. खरवडून धार काढलीत तर रिंग तिथे अडकून तुटते. पोर्टाची उंचीही वाढवू नका, टायमिंग बदलतं.

पाण्याच्या वाटांतली पांढरी कडक पुटं काडीने मोकळी करा. हेड सपाट आहे का ते स्टीलपट्टी आणि फीलर गेजने बघा. ०.१ मिमीची पात जात असेल तर जाड काचेवर ४०० नंबरचा ओला पेपर पसरून हेड इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा. सगळीकडे सारखी राखाडी झाक आली की थांबा.

बसवताना नवं हेड गॅस्केट, बोल्टच्या आट्यांना मरीन ग्रीस, टॉर्क पान्ह्याने दोन टप्प्यांत, मधून बाहेरच्या क्रमाने. आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातलाच घ्या. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन इंजिनांत बोल्टची जाडी वेगळी असते आणि अॅल्युमिनियमच्या आट्या एकदाच निघून येतात.

आचरा_खाडी
हेड काढूनही रिंग सुटली नाही तर?

बोअर_आणि_लेथ
मग पॉवरहेड (इंजिनाचा वरचा मुख्य भाग) उतरवून क्रँककेसचे दोन अर्धे वेगळे करावे लागतात. हे वर्कशॉपचं काम आहे. तिथे काय व्हायला हवं ते माहीत असलं की झालं. रिंग काढल्यावर खाचेतला कार्बन जुन्या रिंगेचा तुकडा घासून केलेल्या हत्याराने काढतात, धातू न खरवडता. टू-स्ट्रोकच्या खाचेत एक बारीक पिन असते, रिंगेची दोन टोकं तिच्या दोन्ही बाजूंना बसायला हवीत. नाहीतर टोक पोर्टात अडकतं. वरची रिंग वर, खालची खाली, खूण माथ्याकडे. अनेक इंजिनांत वरची रिंग तिरप्या कापाची असते, ती सपाट खाचेत बसत नाही.

नवी रिंग आधी बोअरमध्ये सरळ ढकलून टोकांमधली फट मोजायला सांगा. अंदाजासाठी, बोअरच्या दर २५ मिमीला ०.१ मिमी. ५६ मिमी बोअरला ०.२ च्या आसपास. अचूक मर्यादा पुस्तकात असते.

मुरूड_घासलेट
घासलेटवरच्या इंजिनांबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि कार्बनची खरी डोकेदुखी तिथेच आहे. घासलेटची वाफ पेट्रोलपेक्षा जास्त तापमानाला होते. गार इंजिनात ते थेंबाच्या रूपातच आत येतं, अर्धवट जळतं, आणि बोअरवरचं ऑइलही पातळ करतं.

चालू पेट्रोलवर करा आणि इंजिन हाताला नीट गरम लागेपर्यंत पेट्रोलवरच ठेवा, साधारण पाच मिनिटं. मगच कॉक फिरवा. बंदरात शिरताना परत पेट्रोलवर या आणि तीन-चार मिनिटं चालवून बंद करा. म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल राहतं आणि पुढच्या वेळी गार चालू होतं. अनेक जण शेवटचं पेट्रोल वाचवायला घासलेटवरच बंद करतात. दुसऱ्या दिवशी प्लग ओला, दोरी ओढून खांदा दुखतो, आणि न जळलेलं सगळं रिंगेपाशी साचतं.

ऑइलचं प्रमाण घासलेटच्या मॉडेलला पेट्रोलपेक्षा जड असतं, ते पुस्तकाप्रमाणेच घाला. आणि पेट्रोलचं मॉडेल तसंच्या तसं घासलेटवर चालवू नका. घासलेटचा ऑक्टेन कमी, म्हणून त्या मॉडेलचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं असतं. पेट्रोलच्या हेडवर घासलेट ठोकतं (अवेळी भडकतं). पिस्टनच्या कडेला टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले तर ते कार्बनचे नाहीत, ठोकण्याचे आहेत.

घासलेटवर रोज चालणाऱ्या इंजिनाचं हेड दर बंदीत उघडावंच, औषधावर भागवू नये असं माझं मत.

वसई_मरीन
सहमत. पेट्रोलच्या इंजिनाला मात्र १०० तासांनी औषध, आणि आकड्यात फरक पडला तरच हेड. विनाकारण उघडलेलं हेड म्हणजे विनाकारण ओढलेले बोल्ट.

दर्या_फिटर
आचरा_खाडी, तुमच्या कार्बनच्या कारणांवर येऊ. नाहीतर पुढच्या बंदीत याच धाग्यावर भेटू.

ऑइल. मोटरसायकलचं टू-टी हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. त्यातल्या धातुयुक्त डिटर्जंटची राख होते. ओबीएम समुद्राच्या पाण्याने थंड होतं, गारच चालतं, म्हणून ती राख आत साचते. टीसी-डब्ल्यू३ मध्ये राख न होणारे घटक असतात. फोर-स्ट्रोकचं २०डब्ल्यू-४० तर अजिबात नको. प्रमाण पन्नासाला एक म्हणजे लिटरला २० मिली, दहा लिटरला २००, पंचवीसच्या टाकीला अर्धा लिटर. मोजमापाची बाटली ठेवा, झाकणाच्या अंदाजात दुप्पट होतं. 'जरा जास्त असलेलं बरं' हे फक्त नव्या इंजिनाच्या रनिंग-इनपुरतं.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत थंड पाणी अडवणारी झडप. आपल्याकडे तो काढून टाकायची सवय आहे, गरम होतं म्हणून. तो काढला की आयडलवर इंजिन गारच राहतं आणि कार्बन धरतं. गरम होण्याचं कारण बहुधा इम्पेलर (पाण्याच्या पंपाचं चाक) किंवा मिठाने तुंबलेली वाट असते. थर्मोस्टॅट तपासायला तो दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात लोंबकळवा, तळाला टेकू न देता, आणि थर्मामीटर ठेवून तापवा. त्यावर छापलेल्या तापमानाला उघडायला लागला तर चांगला.

आयडल. जाळ्याच्या कामात संथ चालणं टळत नाही. पण तासाभराच्या आयडलनंतर पाच मिनिटं तीन-चतुर्थांश थ्रॉटलला पळवा. प्लग आणि रिंगेभोवतालचं ओलं ऑइल जळून जातं, खपली व्हायच्या आधीच.

पेट्रोल. मिसळलेलं महिन्याभराच्या वर ठेवू नका. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिळतं आणि बहुतेक जुन्या टू-स्ट्रोक ओबीएमची मर्यादा १० टक्के. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, ते टाकीच्या तळाला वेगळं बसतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर लाइनमध्ये असू द्या, आणि बंदीत टाकी रिकामी.

आचरा_खाडी
भिजवणं आणि दोन लिटरचं मिश्रण दोन्ही झालं. पिंपात काळे कण भरपूर. आता वर ११४, खाली १०६. थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला निघाला, नवा बसवला. टीसी-डब्ल्यू३ आणलंय. खाडीत तपासून आणलं तर फुल थ्रॉटलला रिकाम्या होडीवर ४७०० आरपीएम. पुस्तकात ४५०० ते ५५०० आहे, म्हणजे बसतंय ना?

दर्या_फिटर
१०६ उत्तम. फरक सात टक्के, हेडला हात लावू नका. नवे प्लग लावून पंधरा मिनिटं लोडवर पळवा आणि १०-१५ तास चालल्यावर परत आकडा घ्या, अजून थोडा वर येईल.

४७०० बसत नाही. आधी मीटर टू-स्ट्रोकच्या सेटिंगवर आहे का बघा, म्हणजे एका फेऱ्याला एक ठिणगी. मीटर बरोबर असेल तर रिकाम्या होडीवर तुम्ही ५५०० च्या जवळ असायला हवेत. मासळी, जाळी आणि तीन माणसं बसली की हाच आकडा ४५०० च्या खाली जाईल. अशा वेळी थ्रॉटल पूर्ण उघडा, इंजिन मात्र दबलेलं, आणि कार्बन परत सुरू.

मांडवी_४०
पंखा मोठा आहे. कितीचा लावलाय?

आचरा_खाडी
११ पिच (एका फेऱ्यात पंखा पुढे जायचं इंचातलं अंतर). इंजिनाबरोबर आलेला नाही, नंतर वेगासाठी बदललेला.

दर्या_फिटर
पिच एक इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. ९ पिचचा मागून घ्या, व्यास तोच. रिकामी होडी ५००० ते ५१०० ला जाईल. भरलेल्या होडीवर ४८०० च्या वर राहिलं तर तोच ठेवा, नाही राहिलं तर ८. बसवताना शाफ्टच्या आट्यांना मरीन ग्रीस, थ्रस्ट वॉशर पंख्याच्या पुढच्या बाजूला, आणि पिन नवी.